मुलासाठी 'आल्टर' हे यिडिश नाव ठेवावं का? (दुसरी नावं नकोत, प्लीज!)

मृण्मयी_एडिसन
नमस्कार मंडळी. तीन आठवड्यांवर आलंय. मुलगा आहे (इथे सांगतात). नवरा अश्केनाझी, म्हणजे मध्य-पूर्व युरोपातल्या घराण्याचा ज्यू. त्यांच्यात हयात माणसाचं नाव बाळाला देत नाहीत, गेलेल्याचं देतात. नवऱ्याच्या मनात त्याच्या पणजोबांचं नाव आहे: आल्टर. ते पोलंडमधल्या बियालिस्टोकहून न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनला आले आणि ९१ वर्षं जगले. आता घरात कुणालाच यिडिश (त्या ज्यूंची जुनी बोली) येत नाही. सासूबाई म्हणतात, जुनाट वाटतं, 'अ‍ॅडम' ठेवा.
मला एवढंच हवंय: अर्थ नक्की काय, हे खरं नाव की टोपणनाव, आणि आजकाल कुणी ठेवतं का? वाईच्या आजीला (वय ८४) म्हणता आलं पाहिजे. दुसरी नावं सुचवू नका, यादी करून फाडून झाली आहे.

प्राची_ताई
अभिनंदन गं! अद्वैत, अर्णव, अथर्व. तिन्ही 'अ' वरून आहेत आणि अमेरिकेत पण चालतात.

ठाणेकर७२
ऑल्टर?? आमच्या नाक्यावर टेलरची पाटी आहे, 'पँट ऑल्टर करून मिळेल'. पोराचं शाळेत काय होईल विचार करा. (दिवे घ्या.)

सिनेमावाला
टॉम ऑल्टर आठवले. काय उर्दू होतं त्या माणसाचं! ते ज्यू होते का?

भाषावेडा
नाही. टॉम ऑल्टर मिशनरी घराण्यातले, जन्म मसुरीचा, १९५०. तिथे ते आडनाव आहे. धागाकर्तीचा प्रश्न पहिल्या नावाचा आहे.
'आल्टर' म्हणजे म्हातारा, वयस्क माणूस. यिडिश लिहितात हिब्रू लिपीत, पण मूळ बांधा जर्मन वळणाचा, त्यामुळे जर्मन 'आल्ट' म्हणजे जुना, तोच शब्द. मुलींसाठी 'आल्टे'. उच्चार 'ऑ' नाही, 'आ'. इंग्रजी वाचणारा माणूस ऑल्टरच म्हणणार, ती लढाई आयुष्यभर लढावी लागेल.

प्राची_ताई
बाळाचं नाव म्हातारा?! अगंबाई.

म्युनिकचा_मंदार
इथे यू-बानमध्ये (मेट्रोत) चढलात की पंधरा वर्षांची पोरं दर वाक्याला 'आल्टर, आल्टर' करत असतात. म्हणजे आपलं 'अरे भावा'. मी पहिलं वर्षभर समजत होतो की ही पोरं माझ्या वयाबद्दल बोलतायत. तुमचा मुलगा जर्मनीत शिकायला आला तर दिवसभर मागे वळून बघेल. बाकी माझ्या मुलाचं नाव मी संस्कृत ठेवलं, कुणाला उच्चारता येत नाही, पण कुणी हसत पण नाही.

काकडे_काका
सगळे हसताय, पण मूळ मुद्दा कुणी सांगितला नाही. आमच्या वडिलांचं नाव दगडू. आधीची दोन भावंडं वर्षाच्या आत गेली होती. म्हणून आजीने तिसऱ्याला दगडू म्हटलं, म्हणजे मृत्यूला वाटावं, दगडच आहे, याला काय न्यायचं. धोंडू, केरबा, उकिर्डा, भिकाजी ही सगळी याच घरातली नावं. काही ठिकाणी मूल उकिरड्यावर ठेवून दुसऱ्या बाईने उचलून आणायचं, नाहीतर सुईणीला मूठभर धान्यावर 'विकायचं'. नाक टोचलं की नथू. ज्यूंमध्ये असं काही असेल तर आश्चर्य वाटणार नाही.

भाषावेडा
काका, नेमकं हेच. पूर्व युरोपात भावंडं गेलेल्या किंवा आजारी जन्मलेल्या बाळाला 'आल्टर' म्हणत. यमदूत पाळण्यापाशी मूल शोधत येणार आणि घरातले हाक मारतायत 'म्हातारबा'! पत्ता चुकला म्हणून तो परत जाणार. 'झेयडे' म्हणजे आजोबा, 'खायिम' म्हणजे जीवन, ही नावं त्याच हेतूने दिली जात. आजारी मूल दुसऱ्या, भरल्या घरच्या बाईला 'विकायची' रीतही तिकडे होती. यामागे जुना आधारही आहे: तालमुद या ज्यूंच्या धर्मग्रंथात दैवाचा निकाल फाडून टाकणाऱ्या चार गोष्टी सांगितल्यात, दानधर्म, आक्रोशाची प्रार्थना, नाव बदलणं आणि वागणं बदलणं.
म्हणून प्रश्न क्रमांक दोनचं उत्तर: बरेचदा हे वरून घातलेलं नाव असतं. त्याखाली हिब्रू नाव असू शकतं.

ठाणेकर७२
बघा, टोपणनाव निघालं. मी सुरुवातीलाच म्हणत होतो.

काकडे_काका
तुम्ही पँटबद्दल म्हणत होतात.

सुलेखा_सातारा
दगडू-धोंडूचं कौतुक पुरे. मुलींना काय मिळालं? नकुशा. आमच्या जिल्ह्यात २०११ मध्ये अडीचशेहून जास्त नकुशांची नावं समारंभ करून बदलावी लागली. मुलगा जगावा म्हणून वाईट नाव आणि मुलगी नको म्हणून वाईट नाव, यात फरक आहे.

काकडे_काका
फरक आहेच, ताई. नाकारलं कुठे?

सुलेखा_सातारा
नाकारलं नाही, पण उल्लेखही केला नाही.

अश्दोदकर
शालोम आणि नमस्कार. मी बेने इस्राएल (कोकणातले मराठी ज्यू), आई पेणची, आता इस्राएलमध्ये अश्दोदला. आमच्यात यिडिश कधीच नव्हतं, आमची मायबोली मराठी. आमच्या नावांना अशी मराठी शेपटी: सॅम्युएलचा समाजी, इझिकिएलचा हसाजी. मुंबईत मांडवीचं सिनेगॉग १७९६ मध्ये बांधणारे समाजी हसाजी दिवेकर. शनिवार आमचा विश्रांतीचा दिवस, कोकणात त्या दिवशी तेलाचा घाणा बंद, म्हणून लोक शनवार तेली म्हणायचे.
इथे आल्टर म्हटलं की मला आधी भंगारवाला आठवतो. टेम्पोवर कर्णा लावून 'आल्टे झाखेन, आल्टे झाखेन' ओरडत फिरतो. म्हणजे जुन्या वस्तू! शब्द यिडिश, ओरडणारा बहुतेक वेळा अरब, आणि वरून जुना फ्रीज देणारी मी मराठी. नाव वाईट नाही, पण इस्राएलमध्ये वाढणार असेल तर हे ऐकून घ्यावं लागेल.

लिंबूटिंबू
वाचनखूण साठवली. 🍿

न्यूयॉर्कचा_नितीन
दुर्मीळ किती ते सांगतो, मी ब्रुकलिनच्या विल्यम्सबर्गजवळ नऊ वर्षं काढली. हासिदिक (कर्मठ पंथाच्या ज्यू) लोकांत आल्टर अजून आहे. बोरो पार्कला गेलात तर मेंडेल, झाल्मन, हर्शल पावलोपावली भेटतील. बाहेरच्या ज्यू घरांत जवळपास संपलं. यिडिश बोलणारी बहुतेक माणसंच दुसऱ्या महायुद्धात मारली गेली. अमेरिकेत आलेल्यांनी पोरांना इंग्रजी नावं दिली आणि इस्राएलमध्ये यिडिश म्हणजे परदेशातल्या दुबळेपणाची खूण समजून लोकांनी हिब्रू नावं घेतली. खुद्द इस्राएलचे पहिले पंतप्रधान बेन-गुरियन जन्माने ग्रून.
आकडा हवा असेल तर अमेरिकन सरकारच्या सोशल सिक्युरिटी खात्याच्या नावांच्या यादीत बघा, पण वर्षात पाचपेक्षा कमी मुलांना दिलेलं नाव त्यात छापत नाहीत.
आणि त्या नऊ वर्षांत मी बेगल किती खाल्ले असतील याचा हिशेब नाही. एडिसनला मिळतात ते बेगल नव्हेत, मेदुवडे आहेत.

मृण्मयी_एडिसन
बेगलवर वेगळा धागा काढा, नितीनदादा. पण धन्यवाद. काकडे काका, तुमचं वाचून आईला फोन केला. माझ्या खापरपणजोबांचं नाव धोंडो होतं आणि मला ते फक्त वाड्याच्या कागदावरचं नाव वाटायचं.

चिन्मय_डॅलस
अनुभवाचे बोल: स्पेलिंग आधी ठरवा. इस्पितळात फॉर्म घाईत भरला, एक 'ए' जास्त पडला, मग मुलाच्या ओसीआय कार्डापर्यंत (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्यांचं कार्ड) तीच चूक. एका कार्यालयाने दुरुस्तीचे कागद दोनदा परत पाठवले. नाव काहीही ठेवा, अक्षरं मोजा.

प्राची_ताई
चिन्मय +१. म्हणूनच म्हणते, अद्वैत सोपं.

भाषावेडा
गंमत म्हणजे प्राचीताईंचं सुचवणं अमेरिकन रिवाजात बसतं. तिथे बरेच अश्केनाझी फक्त आद्याक्षर घेतात, आल्टरसाठी अ‍ॅडम किंवा आरन. मला स्वतःला ती पळवाट वाटते.
मृण्मयी, एक कामाची गोष्ट: पणजोबांच्या थडग्याचा फोटो मिळवा. दगडावर हिब्रूत पूर्ण नाव आणि वडिलांचं नाव कोरलेलं असतं. हिब्रू नाव आणि त्याच्या जोडीचं यिडिश नाव अशा ठरलेल्या जोड्या असतात: येहूदा लेब (सिंह), नफ्ताली हिर्श (हरीण), बिन्यामीन वोल्फ (लांडगा). बायबलच्या पहिल्या पुस्तकात याकोब मुलांना आशीर्वाद देताना हेच प्राणी वापरतो. माझं आवडतं काल्मन: ग्रीक कालोनिमोसवरून, अर्थ 'सुंदर नाव'. म्हणजे नावाचाच अर्थ नाव!

ठाणेकर७२
काल्मन ठेवा मग. ऑल्टरपेक्षा बरं.

सिनेमावाला
आल्टर नावाचे फोटोग्राफर होते, आल्टर काचिझने. जन्म विल्ना, १८८५. न्यूयॉर्कच्या यिडिश वृत्तपत्रासाठी पोलंडमधल्या ज्यू गल्ल्या, शाळा, म्हातारे कारागीर टिपले. १९४१ मध्ये त्यांना टार्नोपोलला ठार मारलं. वॉर्साचा संग्रह गेला, न्यूयॉर्कला पाठवलेले फोटो तेवढे उरले. नाव गुगल करून मुलांचे फोटो जरूर बघा.

मृण्मयी_एडिसन
अपडेट. नवऱ्याच्या मावसभावाने क्वीन्सच्या दफनभूमीतून फोटो पाठवला. भाषावेडा, तुम्ही म्हणालात तसंच: नफ्ताली आल्टर, वडिलांचं नाव मोशे. घरात एकालाही 'नफ्ताली' माहीत नव्हतं! मावसभावाची आई म्हणाली की त्यांच्या आधी तीन मुलगे गेले होते. नव्वदी ओलांडलेला माणूस आणि खरं नाव दगडावरच पहिल्यांदा दिसलं.

प्राची_ताई
नफ्ताली छान आहे गं! नील म्हणून हाक मारता येईल.

न्यूयॉर्कचा_नितीन
नफ्ताली पहिलं, आल्टर मधलं. दोन्ही बाजू खूश. डोळे झाकून करा.

काकडे_काका
अनुमोदन.

म्युनिकचा_मंदार
अनुमोदन. मधल्या नावाने कुणी हाक मारत नाही.

अश्दोदकर
माझंही तेच मत. एक भर: ज्याच्या नावावर ठेवताय तो दीर्घायुषी होता, हे आमच्याकडेही शुभ मानतील. आठव्या दिवशी नाव पुकारतील तेव्हा नारळ, पोहे घेऊन मलिदा (आमचा शुभकार्याचा विधी) करा. अश्केनाझी पाहुण्यांना काय कळणार, पण खातील.

मृण्मयी_एडिसन
मंडळी, बाळ गुरुवारी आलं, आठ दिवस आधी. फॉर्मवर 'आल्टर' लिहिलं. पहिलं नाव. नफ्ताली कुठेच लिहिलं नाही. तुम्ही सगळ्यांनी उलट सांगितलं होतं, माहीत आहे. पण नफ्ताली त्यांनीच ९१ वर्षं कुणाला कळू दिलं नाही, ते मी कशाला चारचौघांत आणू? ब्रिसला (आठव्या दिवशीच्या सुंतेला) रब्बींच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या कानात सांगणार आहोत, पुकारायचं आल्टरच. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत, आता मांडीवरून खाली ठेवत नाहीत.
आजीला व्हिडिओ कॉलवर अर्थ सांगितला. ती म्हणाली, "मग म्हातारबाच म्हणेन की, आल्टर-बिल्टर कशाला." उच्चाराचा प्रश्न मिटला. स्पेलिंग चारदा तपासलं, चिन्मय.

ठाणेकर७२
अभिनंदन. पँटवाला विनोद मागे घेतो.

अश्दोदकर
माझेल तोव! आज सकाळी भंगारवाला आला होता. 'आल्टे झाखेन' ऐकून नवऱ्याला म्हटलं, अरे, मृण्मयीच्या पोराच्या नात्यातला दिसतोय. जुना पंखा दिला, चहाही दिला.