मदत हवी आहे: आप्पांच्या फोनला अँड्रॉइड १५ आलंय, केळी कटाईच्या दिवसांत टाकावं का?

नमस्कार मंडळी,

रावेर तालुक्यात आमची केळीची बाग आहे. मी नोकरीमुळे जळगावात असतो, शेताचं सगळं आप्पा बघतात. त्यांच्याकडे सॅमसंगचा ए सिरीजचा फोन आहे. सध्या अँड्रॉइड १४ आणि वन यूआय ६ (अँड्रॉइडवरची सॅमसंगची स्वतःची स्क्रीन-मेनूची रचना) आहे, आता अँड्रॉइड १५ सोबत वन यूआय ७ आलंय. रोज नोटिफिकेशन येतं आणि रोज आप्पांचा फोन येतो, "टाकू का रे?"

दर महिन्याचं छोटं सुरक्षा अपडेट असतं तर विचारलं नसतं, ते आम्ही टाकतोच. या वेळी जीव अडकलाय तो मोटारीत. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. विहिरीवर मोबाईल स्टार्टर बसवलाय, म्हणजे फोनवरून मोटार चालू-बंद होते, आणि त्याचं ॲप फिटरने पूर्वी एपीके (ॲप थेट बसवायची फाइल) पाठवून टाकून दिलं होतं. प्ले स्टोअरवर ते नाही आणि बनवणारे आता फोन उचलत नाहीत. ते ॲप बंद पडलं तर सत्तरीच्या माणसाला रात्री दोनला बॅटरी घेऊन विहिरीवर जावं लागेल. आमचं शेत सातपुड्याच्या पायथ्याला आहे, तिकडे बिबट्या फिरतो. त्यामुळे माझ्यासाठी हा प्रश्न साधा नाही.

दुसरं, कॉल रेकॉर्डिंग. व्यापारी भाव फोनवरच ठरवतात आणि माल भरताना कधीकधी आकडा बदलतो. तेव्हा आप्पा रेकॉर्डिंग ऐकवतात आणि विषय तिथेच संपतो. ही रेकॉर्डिंग जायला नकोत.

तिसरं, आप्पांना चष्म्याशिवाय दिसत नाही. वरून बोट ओढायचं आणि दुसरं चिन्ह दाबलं की टॉर्च, असं त्यांच्या हाताला पाठ आहे. स्क्रीन किती बदलते? यूपीआय पुन्हा सुरू करावं लागतं का? आणि नाही जमलं तर जुन्यावर परत येता येतं का? ज्यांनी टाकलंय त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद (धुळे)

भाऊ, माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, अशी गिऱ्हाइकं रोज येतात. सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगतो: ते ॲप चुकूनही काढू नका. अँड्रॉइड ७ च्याही आधीच्या काळासाठी बनवलेली ॲप्स अँड्रॉइड १५ नव्याने बसवू देत नाही. आधीपासून फोनमध्ये असतील तर अपडेटनंतर राहतात. म्हणजे "काढून परत टाकून बघू" हा नेहमीचा उपाय इथे अंगाशी येईल. ॲप राहिलं तरी नीट चालेलच याची खात्री मात्र कोणी देऊ शकत नाही. म्हणून स्टार्टरची पुस्तिका शोधा. बरेच स्टार्टर साध्या एसएमएसवरही चालू-बंद होतात, त्याचे कोड पुस्तिकेत असतात. ते आधी करून बघा, मग अपडेटचं बघू.

अपडेटमध्ये ऑटो ब्लॉकर चालू करायचा का असं विचारेल. तो प्ले स्टोअरबाहेरची नवी ॲप्स अडवतो, असलेल्यांना हात लावत नाही. आप्पांसाठी चालू ठेवलेला बरा, लग्नपत्रिकेच्या नावाखाली येणाऱ्या एपीके फाइली सध्या लोकांची खाती रिकामी करताहेत.

परत फिरणं विसरा. जुनं टाकायचं म्हणजे फोन कोरा करावा लागतो आणि बहुतेक वेळा फोन ते करूही देत नाही. अपडेटने डेटा सहसा जात नाही, यूपीआयही तसंच राहतं. तरी फोटो आणि रेकॉर्डिंग आधी कॉपी करून घ्या. माय फाइल्समध्ये रेकॉर्डिंग्ज, त्यात कॉल नावाचं फोल्डर आहे. कॉल रेकॉर्डिंगची सोय सॅमसंगचीच आहे, अपडेटनंतरही असते.

अर्धा तास फोन वापरता येणार नाही असं धरून चाला. पुढचे काही दिवस बॅटरी लवकर उतरेल, आतमध्ये सगळी ॲप्स नव्याने जुळवून घेण्याचं काम चालू असतं. घाबरून सर्व्हिस सेंटर गाठू नका. कटाई चालू असेल तर थांबा, दोन-तीन आठवड्यांनी काही बिघडत नाही. वर्षभर मात्र टाळू नका.

प्रतिसाद (नंदुरबार)

दादा, टॉर्चचं मी सांगते, माझ्या आईच्या फोनवर हेच झालं. वन यूआय ७ मध्ये नोटिफिकेशन आणि चिन्हांचा पडदा वेगळा केलाय. वर उजव्या कोपऱ्यातून ओढलं तरच चिन्हं येतात, बाकी कुठूनही ओढलं की नोटिफिकेशन. आईला वाटलं टॉर्चच गेला. उजवीकडून ओढून पेन्सिलचं चिन्ह दाबा, पॅनल सेटिंग्ज उघडा आणि 'टुगेदर' निवडा, दोन्ही पुन्हा एकत्र येतात. हे तुम्ही स्वतः करून द्या, फोनवरून समजावणं फार अवघड जातं. चिन्हांचा क्रमही तिथेच लावता येतो, टॉर्च दुसऱ्या जागी ठेवा.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. पुस्तिका पेटीतच होती, कोड दिलेत. कटाई उरकल्यावर दिवसाच्या लाईटचा आठवडा बघून मी स्वतः गावी जाऊन टाकेन. एकच शंका, एसएमएस माझ्या नंबरवरून पाठवला तर मोटार चालू होईल का?

प्रतिसाद (धुळे)

बहुतेक स्टार्टरमध्ये नंबर आधी नोंदवावा लागतो. पुस्तिकेत त्याचाही कोड असेल. तुमचा नंबर आत्ताच नोंदवून घ्या, म्हणजे आप्पांचा फोन अपडेटला लागलेला असताना मोटार तुमच्या हातात राहील.