गव्हर्नर तारेने बांधू नका

पन्हाळ्याच्या रिसॉर्टवरची पेट्रोल गोल्फ कार्ट पळत नाही म्हणून गव्हर्नरचा (इंजिनाचा वेग मर्यादेबाहेर जाऊ न देणाऱ्या भागाचा) आर्म तारेने बांधून ती मर्यादा काढायचा सल्ला कोणीतरी दिलाय. कृपया तसं करू नका.

अशा कार्टच्या बऱ्याच छोट्या इंजिनांत कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) ॲल्युमिनियमचा असतो. रॉडवरचा ताण आरपीएमच्या (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांच्या) वर्गाने वाढतो. ३६०० चे ४५०० झाले, म्हणजे फेरे २५ टक्केच वाढले, तरी ताण ५६ टक्के वाढतो. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगाही पुरत नाहीत. व्हॉल्व्ह वेळेत बसत नाही आणि ताकद उलट घटते. रॉड तुटला की अनेकदा क्रँककेस (इंजिनाचं खालचं कवच) फोडून बाहेर येतो. मग कोल्हापूरच्या उद्यमनगरातला चांगला टर्नरही फारसं काही करू शकत नाही.

अजून एक, हे फार जणांना ठाऊक नसतं. अनेक कार्टमध्ये गव्हर्नर इंजिनावर नसून मागच्या ॲक्सलच्या गिअरबॉक्समध्ये असतो. त्यामुळे इंजिनाची ताकद ॲक्सलकडे नेणारा बेल्ट तुटलेला किंवा काढलेला असताना ॲक्सिलरेटर दाबला, तर गव्हर्नरला काही कळतच नाही आणि इंजिन मोकाट फिरतं. बेल्ट नसताना रेस देऊ नका.

कंपनीतून आलेली कार्ट साधारण ताशी २० ते २४ किमी जाते. त्याहून कमी जात असेल तर झिजलेला बेल्ट, चोंदलेला एअर फिल्टर, घासणारे ब्रेक आणि पूर्ण न उघडणारा थ्रॉटल बघा. मोठे टायर बसवले तर वेग वाढतो खरा, पण चढाला दम कमी पडतो आणि उताराला ब्रेकवर भार येतो. पन्हाळ्यात ते नकोच.

तार आधीच बांधली असेल तर सोडा, ऑइल काढा आणि त्यात चमकणारा चुरा दिसतो का ते पाहा. दिसला तर इंजिन चालू न करता खोलायला द्या.