आठवणी लिहायच्यात, पण त्या सापडतात कुठे? तुमचे अनुभव सांगा

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. मुलीने जाडजूड वही आणून दिली, म्हणाली, "बाबा, तुमच्याबद्दल लिहा." मोठ्या उत्साहाने 'माझा जन्म' पासून सुरुवात केली आणि तीन पानांत शाळा, नोकरी, लग्न, बदल्या सगळं उरकलं. वाचून पाहिलं तर बायोडेटा! एवढी वर्षं जगलो, ती गेली कुठे? ज्यांनी असं काही लिहिलंय किंवा लिहितायत, त्यांनी सांगा. उपदेश नको, तुमचं काय झालं तेवढंच.

*

काका, माझंही अगदी हेच झालं होतं. मग लिहिणं ठेवलं बाजूला आणि लहानपणीच्या घराचा नकाशा काढायला घेतला. पेन्सिलने, अंदाजाने. दारं कुठे, खिडक्या कुठे, कोण कुठे झोपायचं. मधल्या खोलीच्या दाराशी हात अडला. हे आत उघडायचं की बाहेर? आत. पण पूर्ण उघडायचं नाही, कारण मागे आजोबांची खाट. रात्री पाणी प्यायला उठलं की त्या फटीतून अंग चोरून जावं लागे. दार खाटेच्या पायाला लागून 'टक्' वाजलं की अंधारातून आजोबांचा आवाज यायचा, "कोण गं?" ते गेल्यावर खाट हलवली. त्या रात्री मी सवयीने दार ढकललं, ते सताड उघडून भिंतीवर धाडकन आपटलं आणि सगळं घर जागं झालं. कुणी काही बोललं नाही. हे मला चाळीस वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं हो. 'माझे आजोबा' असा मथळा घालून बसले असते तर 'ते फार शिस्तीचे होते' यापुढे गाडी गेली नसती.

*

मी अंगावरचे व्रण मोजले. सात निघाले. सहांचं लिहून झालं. सातव्याचं घरात कुणाला माहीत नाही, आणि तसंच राहणार आहे.

*

माझी पद्धत चिठ्ठ्यांची. मूळ कल्पना इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांची. त्यांनी ७५ शब्दांची यादी केली, एकेक शब्द समोर धरून मनात काय उमटतं ते टिपलं आणि १८७९मध्ये ते छापलं. बऱ्याच गोष्टी बालपणातल्या आणि तरुणपणातल्या निघाल्या, शिवाय त्याच त्याच पुन्हा येत राहिल्या. हे वाचून मला धीर आला, कारण माझंही तसंच होत होतं. पुढच्या संशोधकांनाही दिसलंय की उतारवयात माणसाला साधारण १० ते ३० या वयातलं जास्त आठवतं. त्यामुळे पन्नाशीतलं काही सुचत नाही म्हणून खंत करू नये.

मी डब्यात चिठ्ठ्या टाकल्या: कुलूप, शिक्षा, उसने पैसे, पाऊस. 'पाऊस' लगेच काढून टाकली. ती निघाली की माझ्यातला कवी जागा होतो आणि आठवण बसते बाजूला. 'उसने पैसे'वर मात्र अकरा पानं झाली, अजून फिटलेले नाहीत.

*

शिलाई मशीनच्या तेलाचा वास. बस. बाटली उघडली आणि आत्याच समोर उभी राहिली. वासाचे संदेश मेंदूत भावना आणि स्मृती सांभाळणाऱ्या भागांकडे इतर संवेदनांपेक्षा जास्त थेट पोचतात म्हणे. मला आत्या भेटली, एवढं पुरे.

*

जरा सावध करतो. लहानपणी गर्दीत हरवलो होतो, ते मी फार रंगवून लिहिलं. कुणाच्या तरी खांद्यावर बसलो होतो, त्या माणसाच्या मिशासुद्धा आठवतात. भावाला वाचून दाखवलं तर तो म्हणाला, "दादा, हरवलो मी होतो. तू तापाने घरी झोपला होतास." एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॅकलिन पिक्रेल या मानसशास्त्राच्या संशोधकांचा १९९५चा प्रयोग नंतर वाचनात आला. २४ जणांना 'तू लहानपणी दुकानांच्या गर्दीत हरवला होतास' अशी बनावट गोष्ट सांगितली, तर साधारण पाव जणांनी ती पूर्ण किंवा थोडीफार खरी मानली. मी प्रकरण फाडलं नाही. खाली भावाचं म्हणणं जोडलं. मिशांचा माणूस मात्र दोघांनाही आठवतो, तो नक्की कुणाचा?

*

आई गेल्यावर तिच्याबद्दल लिहायला बसले की डोळे भरून यायचे आणि कागद कोरा राहायचा. शेवटी तिच्या हिशेबाच्या वह्या काढल्या. दूध, साबण, वह्या, फी. एका वर्षी दर गुरुवारी 'शिकवणी' अशी नोंद. आम्हा भावंडांपैकी कुणालाच तेव्हा शिकवणी नव्हती. मावशीला विचारलं. ती हसायलाच लागली. आई पेटी शिकत होती! आम्ही शाळेत गेल्यावर. वर्षाअखेरीस नोंद बंद होते, आणि पुढच्याच ओळीत धाकट्याच्या चष्म्याचा खर्च आहे. मी लिहायला सुरुवात तिथून केली.

*

सगळ्यांचे आभार. नकाशा काढायला घेतलाय. स्वयंपाकघराला खिडकी होती की नव्हती, यावरून काल बहिणीशी फोनवर पाऊण तास वाद झाला. होती, मी हरलो. आता ती म्हणते, "त्या खिडकीतून मला कोण हाक मारायचं ते मी लिहिणार. तू थांब जरा."