एमडीची गाडी की एमडींची?

शंका : पुतण्या सकाळी पेपर घेऊन आला. "काका, एमडीसह दोघांना पकडलं म्हणते. कंपनीचा एमडी का दवाखान्याचा?" म्हटलं, बाबू, दोन्ही नाही, ती मेफेड्रोन या अमली पदार्थाची पावडर आहे. तो हसला, मी मात्र दिवसभर अडकलो. कंपनीच्या व्यवस्थापकीय संचालकाला मराठीत नुसतं 'एमडी' लिहावं का? आणि लिहिलं तर विभक्ती कशी लावावी?

उत्तर : भाऊ, शब्द रुळला, आता तो परत पाठवता येत नाही. 'व्यवस्थापकीय संचालक' ही दहा अक्षरं मथळ्यात बसवायची तरी कुठं? अर्थ कोणता, हे नागपुरात तुम्ही कुठं उभे आहात त्यावर ठरतं. मेडिकल चौकात एमडी म्हणजे एमबीबीएसच्या पुढची पदवी आणि ती घेतलेला डॉक्टरही. मेट्रो भवनात महामेट्रोचे मोठे साहेब. पोलीस ठाण्यात पावडर.

विभक्तीचं म्हणाल, तर मराठीनं आधीच सोय करून ठेवली आहे : आदरार्थी अनुस्वार. 'एमडीची पाकिटं' म्हणजे पावडर, 'एमडींची गाडी' म्हणजे साहेबांची. 'एमडीची परीक्षा' विद्यार्थी देतात. 'एमडींची परीक्षा' म्हटलं की साहेबांवरच वेळ आलेली. घोटाळा होतो तो प्रत्यय नसला की. 'एमडी ताब्यात' असा मथळा देणाऱ्यानं 'पावडर' एवढा शब्द तरी खर्च करावा.

सामान्यरूपाचं वेगळंच. माळी-माळ्याला, धोबी-धोब्याला, पण 'एमड्याला' कोणी म्हणत नाही. शेवटी ई आहे म्हणून लघुरूप काही वाकत नाही. (कामगार आपसात म्हणत असतील तर ते व्याकरण वेगळं.)

आपल्याकडे 'सीएमडी'ही बराच कानावर पडतो, कारण कोळसा काढणारी वेकोलि आणि मँगनीज काढणारी मॉयल या दोन्ही सरकारी कंपन्यांची मुख्यालयं नागपुरातच आहेत. पूर्ण पद 'अध्यक्ष तथा व्यवस्थापकीय संचालक'. गंमत बघा, 'वेकोलि' हे वेस्टर्न कोलफिल्ड्स लिमिटेडमधली आपली अक्षरं उचलून केलेलं, शब्दासारखं सरळ वाचता येणारं रूप. 'सीएमडी'त मात्र इंग्रजी अक्षरांची नावं एकेक करून म्हणायची. 'वेकोलिचे सीएमडी' या दोन शब्दांत दोन्ही पद्धती शेजारी बसल्या आहेत. वेकोलिच्या चालीवर व्यवस्थापकीय संचालकांचं लघुरूप केलं तर 'व्यसं' होईल. पावडरीच्या बातमीशेजारी ते छापून बघा!

आणखी एक उत्तर : दादा, सीईओ राहिलाच की. माझी नोकरी जिल्हा परिषदेत गेली. आमच्यासाठी सीईओ हा कंपनीवाला कधीच नव्हता. 1 मे 1962 ला राज्यात जिल्हा परिषदा सुरू झाल्या, त्यांचे मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणजे सीईओ. फाईलवर 'मुकाअ', तोंडी 'सीईओ साहेब'. बाई असल्या तर 'सीईओ मॅडम आल्या'. वेगळं स्त्रीलिंगी रूप लागत नाही, क्रियापद सांगून टाकतं. मागं आमच्या नात्यात स्थळ आलं. मुलानं सांगितलं, मी सीईओ आहे. मुलीचे वडील काटोलकडचे, माजी सरपंच. उठून उभेच राहिले अन् विचारलं, "कोणत्या जिल्ह्याचे, साहेब?" पोरगा चार जणांची कंपनी चालवत होता बाप्पा. पण लग्न झालं.

मूळ शंकावाला : ताई, हसून पुरेवाट झाली. पुतण्याला अनुस्वाराचं समजावलं. तर म्हणतो, "मंग इतवारीच्या बाजारात सगळे सेठ काहून म्हणते?" सांगितलं, ते संस्कृतातल्या 'श्रेष्ठी'चं झिजून झिजून उरलेलं रूप आहे, मुंबईकडे शेठ, आपल्याकडे सेठ. त्यावर त्याचा पुढचा प्रश्न तयार : 'सेठने' का 'सेठनी'? म्हटलं, उधारी बाकी असेल तर 'सेठजींनी'.