एअरबॅगचा लाल दिवा घरी बघायला गेलात तेव्हा काय झालं? लिहा आपापलं

होटगीरोडकर

अण्णांनी गाडी चालवणं सोडलं. विकायची म्हणून आज सकाळी आतून पुसायला घेतली, तर मीटरच्या काचेवर नखाएवढी काळी टेप. चौकोनी, कात्रीनं नीट कापलेली. बघितल्याबरोबर 2021 चा उन्हाळा आठवला.

सगळं बंद होतं तेव्हा. बॅटरी उतरू नये म्हणून अण्णा रोज चहा झाला की गाडी चालू करून दहा मिनिटं बसायचे. एक दिवस तो दिवा पेटला आणि मग मधूनमधून यायला लागला. माणूस बसलाय आणि पोटापुढं कलिंगड धरलंय, असं चित्र असतं बघा. अण्णा म्हणाले, "हा काय डोहाळजेवणाला निघालाय का?"

मी शहाणा. फोनवर बघून सीटखाली हात घातला, पिवळा कपलर (वायरी जोडायचा प्लग) सापडला, चावी चालू असतानाच ओढून काढला आणि परत बसवला. आधी दिवा कधी असायचा कधी नसायचा, त्यानंतर पक्का झाला. म्हणजे चावी चालू ठेवून कपलर काढला की कंप्युटर तो नवा दोष म्हणून लिहून ठेवतो, आणि परत जोडला तरी बऱ्याच गाड्यांत स्कॅनरनं पुसल्याशिवाय जात नाही. हे मला नंतर कळलं. मग गाडीचे दोष वाचायचं ते निळं ब्लूटूथवालं यंत्र मागवलं. ते फक्त इंजिन वाचतं. इकडं दिवा पेटलेला आणि ते म्हणतंय सगळं ठीक.

अण्णांनी टेप लावली. पुढं गॅरेज उघडलं, मिस्त्रीनं वीस मिनिटांत काम केलं, दिवा गेला. टेप मात्र कुणी काढलीच नाही.

आज काढली. चावी फिरवली. कलिंगडवाला आला आणि गेलाच नाही. कधीपासून पेटलाय काय माहीत. अण्णा गेल्या डिसेंबरपर्यंत दर गुरुवारी हीच गाडी घेऊन अक्कलकोटला जात होते.

तुमचे अनुभव लिहा. मी दुपारी परत सीटखाली घुसणार आहे.

भुईकोट

किती किमी झालीय? किंमत काय सांगायलाय?

विजापूररोडची_ताई

आमच्याकडं सीटखाली पाण्याच्या बाटल्या, छत्री, सासूबाईंचा औषधाचा डबा. सीट मागंपुढं केली की दिवा लागायचा, परत सरकवली की जायचा. चार महिने आम्ही सीट सरकवूनच भागवलं. शेवटी बघितलं तर छत्रीच्या काडीत वायर अडकून ताणलेली. छत्री काढली, कपलर टायनं बांधून घेतला. सोलापुरात छत्री सीटखाली कशाला लागते हे नवऱ्याला अजून सांगता आलेलं नाही.

वायरमन_एमआयडीसी

वर लिहिणारे सगळे, हे वाचा, नाहीतर उगाच तोंड भाजून घ्याल. एअरबॅगची वायर पिवळी असते ती उगाच नाही. हात लावायच्या आधी चावी बंद, बॅटरीची निगेटिव्ह काढायची आणि थांबायचं. आत कपॅसिटर असतो, बॅटरी काढली तरी थोडा वेळ त्यात चार्ज राहतो. गाडीच्या पुस्तकात जेवढी वेळ दिलीय तेवढी तरी थांबा, मी दहा मिनिटं थांबतो. आणि मल्टिमीटरच्या ओहमवर टाकून बॅग तपासायची नाही म्हणजे नाही. मीटर स्वतः थोडा करंट सोडतो, आतला फटाका तेवढ्यावरही पेटू शकतो. पापणी लवायच्या आत फुगते ती, तोंड मागं घ्यायला वेळ मिळत नाही. कपलर नीट बसलाय का, हिरवा पडलाय का, वायर कुरतडलीय का, एवढं डोळ्यांनी बघा. त्यापुढं स्टिअरिंग खोलायचं काम घरी करू नका.

कंबरतलाव

उंदीर!! कुणी बोललंच नाही. पावसाळ्यात दोन वेळा. कार्पेटखाली भुईमुगाच्या टरफलांचा ढीग, आणि शेजारी वायर सोललेली. माझ्या गाडीत शेंगा खाऊन माझीच वायर खाल्ली.

विजापूररोडची_ताई

डांबरगोळ्या ठेवा.

कंबरतलाव

ठेवल्या. गोळ्या पण नेल्या ओ त्यांनी.

सातरस्ता

तंबाखूची पुडी ठेवतात आमच्यात. उंदीर गेले, पण मेव्हणा रोज गाडीत जाऊन बसायला लागला.

नवीपेठ

माझी 2018 ची, साधं मॉडेल. एअरबॅगच नाही तर दिवा कुठला. ड्रायव्हरची बॅग सक्तीची झाली 1 जुलै 2019 ला, आमची त्याच्या आधीची. त्यामुळं या विषयात मी सुखी. (सुखी म्हणायचं का?)

पुण्यात_अडकलेला

आमचा किस्सा हॉर्नपासून सुरू झाला. आधी हॉर्न वाजेना. मग स्टिअरिंगवरची आवाजाची बटणं गेली. मग दोन दिवसांनी कलिंगडवाला. मी तिन्हीकडं वेगवेगळं बघत बसलो, फ्यूज बदलला, हॉर्न नवा आणला. गॅरेजवाल्यानं हॉर्न दाबला आणि गाडीतून उतरायच्या आधीच सांगितलं, स्पायरल केबल गेली. स्टिअरिंगच्या आत घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली पट्टी असते, चाक फिरलं तरी वायर तुटू नये म्हणून. हॉर्न, बटणं, बॅग सगळ्यांची वायर त्यातूनच जाते. पट्टी तुटली की सगळे एकदम रुसतात. तेव्हा दिव्याबरोबर हॉर्नही गेला असेल तर सीटखाली घुसून उपयोग नाही.

पण ते आठ दिवस हॉर्नशिवाय सोलापुरात. अशोक चौकात मी काच खाली करून "ओ मावशी, ओ दादा" करत गाडी चालवली. कुणी हललं नाही.

सातरस्ता

हॉर्न वाजवला असता तरी कोण हललं असतं 😀

चटणी_जहाल

मी वाचायला आले आणि शेंगा शेंगा वाचून भूक लागली. पुण्याला न्यायची आहे चटणी, खलबत्त्यात कुटलेली कुठं मिळते अजून? मिक्सरवाली नको.

हां, आणि विषयाला धरून: आम्ही नवीन सीटकव्हर घातले लग्नाआधी, लाल रंगाचे, फुल टाइट. कव्हरवाल्यानं सीटच्या बाजूला ते एअरबॅगचं लेबल असतं त्यावरूनच शिवून टाकलं. बॅग सीटमध्येच असते आणि तिथूनच फाडून बाहेर येते हे त्यालाही माहीत नव्हतं आणि आम्हालाही. वर कव्हर घालताना खालचा कपलर ढिला केला, म्हणून दिवा लागला, म्हणून गॅरेजला गेलो, म्हणून कळलं. दिवा लागला नसता तर तसेच फिरलो असतो.

नवीपेठ

फ्यूज काढून टाकला तर दिवा जातो का?

वायरमन_एमआयडीसी

नाही. दिवा तसाच राहतो आणि बॅग नक्की बंद होते. आणि मघाशी तर तुमच्यात बॅगच नाही म्हणालात.

नवीपेठ

मेव्हण्यासाठी विचारलं ओ.

मोहोळ_नाका

मी शक्यतो लिहीत नाही यावर. धाकट्या भावाच्या गाडीचा दिवा पाच-सहा महिने पेटलेला होता. गाडी पळतेय ना, ब्रेक लागतोय ना, मग काय. पुणे रोडला पहाटे उभ्या ट्रॉलीला मागून धडकला. बॅग उघडली नाही. बेल्ट होता म्हणून वाचला, बरगड्या आणि जबडा गेला. आता बरा आहे. ट्रॉलीला मागं रिफ्लेक्टर नव्हता तो वेगळा विषय. पण इस्पितळात तो पहिल्यांदा बोलला ते हेच, "दादा, त्यो दिवा."

विजापूररोडची_ताई

अरे बाप रे. सांभाळा ओ. भाऊ आता चालवतात का?

मोहोळ_नाका

चालवतो. चावी फिरवली की आधी मीटर बघतो, मग बेल्ट, मग गिअर.

भुईकोट

मला खरंच घ्यायची आहे जुनी गाडी. हा दिवा कसा तपासायचा घेताना?

वायरमन_एमआयडीसी

चावी ऑनला आणा, इंजिन चालू करू नका. दिवा यायला पाहिजे आणि पाच-सहा सेकंदात जायला पाहिजे. राहिला तर दोष. आणि आलाच नाही तर त्याहून वाईट, कुणीतरी दिवाच काढलाय किंवा वर टेप लावलीय. जुन्या गाडीत मी आधी हेच बघतो, टायर नंतर.

भुईकोट

होटगीरोडकर, तुमचीच घ्यायचा विचार होता 😀

कंबरतलाव

गाडी दोन महिने गड्डा जत्रेच्या आवारात लावलेली, बॅटरी उतरली, धक्का मारून चालू केली तर चार दिवे एकदम. बाकीचे गेले, कलिंगड राहिलं. बॅटरी कमजोर झाली तरी लागतो म्हणे. नवी बॅटरी टाकली, मग स्कॅनरनं पुसून घेतला, परत नाही आला. सगळ्यात स्वस्तात सुटलो तो मीच असेन.

होटगीरोडकर

आलो. निगेटिव्ह काढली, तोवर जेवून घेतलं, म्हणजे अर्धा तास झालाच. सीटखाली: अण्णांची जपमाळ, अक्कलकोटच्या उदीच्या सहा पुड्या, ऊन खाल्लेलं एक चॉकलेट. कपलर अर्धा बाहेर आलेला, 2021 ला मिस्त्रीनं बांधलेला टाय तुटलेला. खट्ट आवाज येईपर्यंत आत बसवला, नवा टाय मारला, बॅटरी जोडली. दिवा अजून आहे, दोष पुसायला लागणार. उद्या सकाळी गॅरेजला. हॉर्न वाजतोय, म्हणजे स्पायरल नसावी.

भुईकोट, दिवा गेल्याशिवाय किंमत सांगणार नाही. किमी 61 हजार.

आणि त्या टेपचा डिंक काचेवर राहिलाय, काळा डाग. कशानं जातो? अण्णा बाहेरून विचारायलेत, "टेप फेकलीस का रे? चांगली होती."

चटणी_जहाल

डिंकाला खोबरेल तेल, कापसानं, हळू. माझ्या चटणीचं कुणी सांगेना अजून.

सातरस्ता

उद्या सांगतो, आईला विचारून.