अकीक की गोमेद? आणि पट्टे की वलये?

गिरगावकर: काही कोशांत ॲगेटला, म्हणजे रेघारेघांच्या खड्याला, 'गोमेद' हा प्रतिशब्द दिलेला आढळतो. झवेरी बाजारात मात्र गोमेद मागितला की राहूचा मधाळ रंगाचा खडा पुढे येतो. खड्यांच्या वर्णनाच्या मजकुरात कोणता शब्द वापरावा?

मुलुंडकर: अकीक. हा शब्द अरबीतून आला. हिंदी वळणाने 'हकीक'ही म्हणतात, आणि काळ्या खड्यात पांढरे पट्टे असले तर 'सुलेमानी'. गोमेद म्हणजे गाईचा मेद. म्हणजे नावातच रंग आहे, पट्ट्यांचा मागमूस नाही. तो तामडीच्या, म्हणजे गार्नेटच्या कुळातला. अकीक मात्र सिलिकाचा, गारगोटीचा भाऊबंद.

शंका असेल तर वजनाने ताडून पाहा. कोंदणातून काढलेला खडा आधी कोरडा तोला. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा आणि खडा दोऱ्याने पाण्यात सोडा, पण तळाला टेकू देऊ नका. कोरड्या वजनाला आता दिसणाऱ्या आकड्याने भागा. अकीक २.६ च्या आसपास येतो, गोमेद ३.६ च्या. खड्याला हवेचा बुडबुडा चिकटला असेल तर उत्तर कमी येते आणि गोमेदही हलका ठरतो. लहान खड्याला ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा हवा.

बोरिवलीकर: अकीक पक्का. पण त्यातल्या रेघांना सरसकट 'पट्टे' म्हणू नये. दख्खनचा लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. सिलिका विरघळलेले पाणी पुढे त्यांत झिरपले आणि भिंतीपासून आत सिलिकाच्या लेपावर लेप चढत गेला. प्रत्येक लेप पोकळीचा आकार गिरवतो. ही 'वलये'. मध्ये जागा उरली तर तिथे स्फटिकांचे टोकदार दात दिसतात. कधी सिलिका तळाशी साचून सपाट रेघा पडतात. त्यांना 'थर'च म्हणावे. एकाच दगडात खाली थर आणि वर वलये असली, तर दगडाची कोणती बाजू तेव्हा खाली होती तेही कळते. दोन शब्द वेगळे ठेवायचे ते याचसाठी.

गिरगावकर: मग कापलेल्या चकतीवर कधी नुसते फिकट डाग का दिसतात?

बोरिवलीकर: करवत भिंतीला समांतर, अगदी कडेने गेली की वलये आडवी छेदली जात नाहीत, पसरट डाग उमटतात. काप मधून घ्यावा. कापण्याआधी दगड ओला करून पाहिला तर वलयांची दिशा बरीच कळते.

मुलुंडकर: रंगाबद्दल एक पुरवणी. लाल, पिवळा, तपकिरी हे लोहाच्या ऑक्साइडचे. गुजरातमधल्या खंबातचे कारागीर पिवळट दगड भाजून लाल करतात. झगझगीत गुलाबी किंवा जांभळा दिसला तर तो बहुधा रंगवलेला. सच्छिद्र वलये रंग पितात, घट्ट पांढरी तशीच राहतात, आणि भेगांत रंग गडद साचतो. वर्णनात अशाला 'रंगवलेला अकीक' असेच लिहावे.