एक्स-रे टेक्निशियन होण्याबद्दल मदत हवी आहे

धाकटी बहीण यंदा बारावी सायन्स झाली. आजी पडली तेव्हा एक्स-रे काढणाऱ्या ताईंनी तिचा थरथरता हात हळूच कॅसेटवर (एक्स-रेच्या फिल्मच्या पाटीवर) ठेवला आणि वर वाळूची छोटी पिशवी टेकवली. बहिणीने तिथेच ठरवलं, हेच शिकायचं.

आईला रेडिएशनची धास्ती आहे. अंगावर किती रेडिएशन पडलं ते मोजणारा टीएलडी बॅज असतो, कर्मचाऱ्यांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्टची (रेडिएशन मोजायचं एकक) मर्यादा आहे, एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतातच, हे सगळं सांगून झालं. पटत नाही.

या कामात असणाऱ्यांनी कृपया सांगा: डिप्लोमा करावा की बीएस्सी? सीटी, एमआरआयवर हात कधी बसतो? आणि गरोदरपणात ड्युटी खरंच बदलून देतात का? आईचा मुख्य प्रश्न हाच आहे.